तोच रावण, तोच कैलास: लेण्यांतली शिल्पं बघायची कशी?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "घारापुरी, तिथल्या त्रिमूर्तीसकट, एकदा आणि वेरूळ दोनदा पाहिलं. प्रत्येक लेण्यात कैलास हलवणारा तोच रावण, तेच शंकर-पार्वतीचं लग्न, तोच सारीपाट. शिल्पकारांना दुसरे विषय सुचत नव्हते का? डिसेंबरात पुन्हा वेरूळला चाललोय, सोबत दहा वर्षांचा भाचा आहे. नेमकं बघायचं काय?"

दुसरे विषय भरपूर सुचत होते. वेरूळच्या १५ व्या लेण्याचा, म्हणजे दशावतार लेण्याचा, वरचा मजला एकदा सावकाश फिरून या. मार्कंडेयाला यमापासून सोडवणारा शिव, लिंगातून प्रकटलेला शिव, त्रिपुरांतक, गंगाधर, गजेंद्रमोक्ष, गोवर्धनधारी कृष्ण, शेषशायी, त्रिविक्रम, वराह, नरसिंह, सगळे एका दालनात भेटतात. ज्यांच्या गाठीशी एवढं होतं, ते अडीचशे वर्षं पुन्हापुन्हा रावणाकडे का वळले? तुम्ही विचारलं ते मला फार आवडलं, कारण बहुतेकांच्या हे पुनरावर्तन लक्षातच येत नाही. तुमच्या लक्षात आलं म्हणजे अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं इथे लिहिते.

मी गेली सव्वीस वर्षं लेण्यांतल्या शिल्पपटांची मापं घेऊन रेखांकनं करते आहे. चौकटींचा कागद, ओळंबा, पट्टी आणि बसायला घडीचं स्टूल, एवढंच सामान. एका मोठ्या पटाला चार-पाच दिवस सहज लागतात. इतका वेळ एका भिंतीसमोर बसलं की ती कथा कधीच वाचून झालेली असते आणि मग डोळा दुसऱ्या गोष्टींकडे जायला लागतो. हा हात इथेच का थांबला? ही बाजू एवढी खोल का कोरली? डोक्यावर एवढा कातळ मोकळा का सोडला? लेण्यातलं शिल्प माझ्यासाठी तिथून सुरू होतं.

पहिल्यांदा घारापुरीला गेले तेव्हा तिथल्या रावणाच्या पटाशी मी पाच मिनिटंही थांबले नव्हते. पट फार फुटलेला आहे. वहीत "भग्न, तपशील नाही" एवढं लिहून पुढे गेले. त्यानंतर तीन वर्षांनी कैलास लेण्यातला रावण काढायला बसले आणि दुसऱ्याच दिवशी कळलं, की घारापुरीचा पट डोळ्यांसमोर असल्याशिवाय वेरूळचा समजणार नाही. परत जावं लागलं. म्हणून माझं पहिलं सांगणं हे, की या खेपेला सगळं बघू नका. एकच कथा धरा आणि तिचा माग काढत फिरा. रावणाचीच धरा.

कथा तुम्हाला माहीत असेल, तरी तिचे टप्पे नीट लक्षात घ्या, कारण शिल्पकाराची खरी परीक्षा तिथे आहे. कुबेराचं पुष्पक विमान हिसकावून रावण निघालेला असतो. कैलासाजवळ विमान अडतं. नंदी म्हणतो, इथून जाता येणार नाही. रावण त्याच्या वानरमुखाला हसतो, नंदी शाप देतो. चिडलेला रावण पर्वतच उपटायला खाली हात घालतो. कैलास हलतो, पार्वती घाबरून शिवाला बिलगते, शिव पायाच्या अंगठ्याने पर्वत दाबतो. रावण खाली चिरडतो, ओरडतो, मग हजार वर्षं स्तुती करतो आणि शेवटी शिव प्रसन्न होऊन त्याला चंद्रहास तलवार देतो. म्हणून या शिल्पाला मूर्तिशास्त्रात रावणानुग्रहमूर्ती म्हणतात. नावात शिक्षा नाही, अनुग्रह आहे.

आता दगडात यातला एकच क्षण येऊ शकतो. चित्रकथेसारख्या सहा चौकटी काढायची सोय नाही. पर्वत हलला तो क्षण घ्यायचा, की अंगठा दाबला तो? घाबरलेली पार्वती महत्त्वाची, की न घाबरलेला शिव? रावणाचं बळ दाखवायचं, की त्याचं हरणं? प्रत्येक लेण्याने याला वेगळं उत्तर दिलं आहे.

घारापुरीचं मोठं लेणं साधारण सहाव्या शतकाच्या मध्याचं. तिथे रावणाचा पट पूर्वेच्या बाजूला आहे. वर शिव-पार्वती, भोवती गण आणि देव, आणि खाली आपल्याकडे पाठ केलेला रावण. ही पाठ बघा. आपण त्याच्या मागे उभे आहोत, त्याच्याच बाजूने वर बघतो आहोत. त्याच्या खांद्यांवर पर्वत आहे आणि वर सारं शांत आहे. या शिल्पकाराने शिवाचं अढळपण निवडलं. घारापुरीतल्या जवळजवळ सगळ्या शिवमूर्तींचा हाच स्वभाव आहे. अंधकाला मारणारा शिव आणि नटराज सोडले तर तिथे घाई कुठेच नाही.

वेरूळचं २१ वं लेणं, रामेश्वर, आणि २९ वं, धुमार लेणं, हे या घराण्यातले सख्खे. धुमार लेण्यात शिरताच घारापुरीची आठवण येते. तीन बाजूंनी मोकळं दालन, चार दारांचं गर्भगृह, प्रत्येक दाराशी माणसाला लहान करून टाकणारे द्वारपाल, पायऱ्यांशी सिंह. गर्दी तिथवर पोचत नाही, कारण ते कैलासापासून लांब, धबधब्याच्या कडेला आहे. लोक त्याला "सीता की नहाणी" म्हणतात. तुम्ही जरूर जा. तिथली रावणाची भिंत घारापुरीच्या भिंतीसोबत मनात ठेवून बघा. मांडणी ओळखीची वाटेल, पण माणसं जास्त जड आणि कातळ जास्त दाटलेला वाटेल.

१४ व्या लेण्याचं तर नावच "रावण की खाई". तिथे एका भिंतीवर वैष्णव आणि देवीचे पट, समोरच्या भिंतीवर शैव पट, आणि प्रत्येक पट दोन अर्धस्तंभांच्या चौकटीत बसवलेला. चौकट आली की शिल्पकाराचं गणित बदलतं. घारापुरीत आकृत्या भिंतीच्या पोकळीत हवेवर तरंगल्यासारख्या पसरतात, इथे त्या चौकटीच्या कडांना टेकतात. रावण खाली कोंडलेला दिसतो तो कथेमुळे आणि चौकटीमुळेही.

आणि मग १६ वं लेणं, कैलास.

दंतिदुर्गाने आठव्या शतकाच्या मध्यावर बदामीच्या चालुक्यांची सत्ता मोडली आणि राष्ट्रकूटांचं राज्य उभं राहिलं. त्याचा शिलालेख दशावतार लेण्याच्या अंगणातल्या मंडपावर आहे. त्याच्यामागून त्याचा चुलता, पहिला कृष्ण, गादीवर आला. त्याची कारकीर्द साधारण ७५६ ते ७७३. कैलासाचं मुख्य मंदिर त्याच्या नावावर जातं, आणि त्याला आधार आहे वडोद्याला मिळालेल्या एका ताम्रपटाचा. गुजरातच्या राष्ट्रकूट शाखेतल्या कर्कराजाचा हा ताम्रपट शके ७३४ चा, म्हणजे ८१२-१३ चा. त्यात म्हटलं आहे, की एलापूरच्या, म्हणजे वेरूळच्या, डोंगरावरचं कृष्णराजाचं देऊळ पाहून विमानांतून जाणारे देव थक्क झाले, आणि ज्याने ते केलं तो शिल्पीसुद्धा "हे माझ्या हातून कसं झालं?" म्हणून आश्चर्यात पडला. त्या शिल्प्याचं नाव मात्र ताम्रपटात नाही. कर्नाटकात पट्टदकलला चालुक्यांचं विरूपाक्ष मंदिर आहे, त्यावर सर्वसिद्धी आचारी आणि गुंड अनिवारिताचारी ही शिल्प्यांची नावं कोरलेली आहेत. कैलासाचा आराखडा त्या विरूपाक्ष मंदिराशी फार जुळतो. तेव्हा चालुक्यांचे कारागीर राष्ट्रकूटांकडे आले असावेत, असं बहुतेक अभ्यासक मानतात. मलाही तेच पटतं.

आत शिरलात की समोर गजलक्ष्मी लागते. तिथून उजवीकडे वळा, म्हणजे देवळाच्या दक्षिण अंगाला. (डावीकडची नद्यांची देवळी, गंगा-यमुना-सरस्वतीची, परतताना बघा.) जिन्याच्या भिंतीवर रामायणाचा पट आहे, त्यातल्या छोट्या आकृत्या ओळींनी मांडल्या आहेत. अगदी खालच्या ओळीत सेतू बांधणारी वानरं आहेत. भाच्याला ती आवडतील. तिथून पुढे गेलं की मंडपाच्या खाली, जोत्याच्या पातळीवर, एक काळोखी खोबण लागते. तिथे रावण आहे.

पहिल्यांदा बघताना काही क्षण नीट दिसणार नाही. थांबा. डोळे सरावले की आधी हात दिसतात, मग डोकी. रावण मागच्या कातळापासून जवळजवळ सुटा कोरला आहे. घारापुरीपासून इथवरचे रावण भिंतीवर होते, हा भिंतीच्या आत आहे. त्याच्याभोवती खरी पोकळी आहे, तिच्यात खरा अंधार आहे आणि पंख्यासारखे पसरलेले त्याचे हात त्या अंधारात वर रेटत आहेत. सावली शिल्पकाराने दाखवलेली नाही, घडवलेली आहे. दिवसभरात ऊन सरकतं तसा रावण हलल्यासारखा दिसतो. मी चार दिवस तिथे बसले होते, तरी माझ्या रेखांकनात ते उतरलं नाही.

आता वर बघा. रावणाच्या वर रचलेल्या शिळांसारखा पर्वत, आणि त्यावर शिव-पार्वती. पार्वती मागे झुकली आहे, तिने शिवाला घट्ट धरलं आहे. तिच्यामागे एक दासी पळत सुटली आहे, पाठमोरी, घाईत. ती पळणारी बाई हा माझ्या मते संपूर्ण वेरूळमधला सगळ्यात धाडसी निर्णय आहे. देवांच्या पटात एक मर्त्य भीती घालायची, तीही कडेला, आणि तिच्या पळण्यामुळे मधल्या शिवाचं स्थिर बसणं दुप्पट करायचं! घारापुरीच्या शिल्पकाराने सगळंच शांत ठेवून अढळपण दाखवलं. कैलासच्या शिल्पकाराने सगळं हलवलं आणि एकालाच हलू दिलं नाही.

अजून एक गोष्ट राहिली. मान आणखी वर करा. शिव-पार्वतीच्या वर काय आहे? मंडप, भिंती, आणि पलीकडे शिखर. या देवळाला आपण कैलास म्हणतो. म्हणजे रावण शिल्पातला पर्वत हलवतोच आहे, पण तो बसवला आहे प्रत्यक्ष देवळाच्या पायाशी. तो हे सगळं देऊळ हलवू बघतो आहे. इथे कथा पटाच्या चौकटीत मावलेली नाही, वास्तूच तिच्यात ओढली गेली आहे. भिंतीवर टांगल्यासारखा पट करणाऱ्या माणसाला हे सुचलं नसतं. ज्याने डोंगरातून आख्खं देऊळ मोकळं करताना पाहिलं, त्यालाच सुचू शकतं.

आता ते "कैलास वरून खाली कोरला" प्रकरण. गाईड मंडळी हे अभिमानाने सांगतात, आणि ते खरंच आहे, पण त्याचा शिल्पावर काय परिणाम झाला हे सहसा कोणी सांगत नाही. डोंगराच्या उतारात तीन बाजूंनी खोल चर मारून मधला ठोकळा सुटा केला. अंगण साधारण २७६ फूट लांब आणि १५४ फूट रुंद, मागचा कडा शंभर फुटांहून उंच. आधी शिखर, मग भिंती, मग जोतं. परांची (पहाड) बांधायची गरज नाही, कारण पायाखालचा कातळ हीच परांची. जसं खाली उतराल तसा कातळ संपत जातो. म्हणजे जोत्यावरचे हत्ती आणि त्या पातळीवरचा रावण यांची पाळी सगळ्यात शेवटी येणार. वरचं सगळं पूर्ण झालेलं असताना त्याच्या खाली इतकी खोल खोबण काढायची, आणि चुकलं तर बदलायला दुसरा दगड नाही! सुट्या दगडाचं देऊळ असतं तर फुटलेला दगड काढून नवा बसवता येतो. इथे प्रत्येक घाव कायमचा.

हे वरून खाली करणं म्हणजे एकट्या वेरूळची जादू नव्हे. तामिळनाडूत कळुगुमलईला पांड्य काळातलं असंच एक एकसंध देऊळ आहे. त्याचं काम मध्येच थांबलं. शिखर सुरेख पूर्ण झालेलं आणि खालचा भाग तसाच राहिलेला. काम कोणत्या क्रमाने चालायचं हे त्याच्याइतकं स्पष्ट कुठेच दिसत नाही. जे लोक कैलासाला माणसाच्या हातचं काम मानायला तयार नसतात, त्यांना मी कळुगुमलईचा फोटो आणि वेरूळच्याच न घासलेल्या कोपऱ्यांतले टाकीचे घाव दाखवते. घाव ओळीने आहेत, एका कलाने आहेत, आणि कारागीर उभा राहायची बाजू बदलतो तिथे त्यांचा कल बदलतो. ते दिसलं की त्या माणसाचा खांदा दिसतो.

आपल्याकडची जुनी लोककथाही हेच वेगळ्या तऱ्हेने सांगते. राजा आजारी पडला, राणीने नवस केला, की तो बरा झाला तर शिवाचं देऊळ बांधीन आणि त्याचं शिखर पाहीपर्यंत अन्न घेणार नाही. एवढ्या लवकर शिखर दाखवणार कोण? तेव्हा पैठणचा कोकस नावाचा स्थपती पुढे आला आणि त्याने डोंगर वरूनच कोरायला घेतला. राणीला काही दिवसांत शिखर दिसलं. कथा म्हणून ती ऐकायची, इतिहास म्हणून नाही. पण ज्यांनी ती रचली त्यांना या देवळाचं मर्म नेमकं कळलं होतं.

दगडाबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण लेण्यांच्या शिल्पांतला फरक लोक बहुतेक वेळा राजघराण्यांवर टाकतात आणि दगडाला विसरतात. माझ्या ओळखीचा एक पाथरवट आहे, पाटे-वरवंटे आणि देवळांचे खांब घडवतो. नवा दगड आला की आधी हातोडीने वाजवून बघतो. खणखणीत वाजला तर घेतो, बद्द वाजला तर आत चीर आहे म्हणतो. लेणी खोदणाऱ्यांना असा दगड निवडायची मुभा नव्हती, त्यांना डोंगर निवडावा लागायचा. आपला काळा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांचा. एका थराचा मधला भाग घट्ट, वरचा बुडबुड्यांनी भोकाभोकांचा. घट्ट भागात आकृती खोल आणि मोठी कोरता येते, पण बारीक दागिना कोरायला हा दगड तितका राजी नसतो. म्हणून आपल्या लेण्यांतली शरीरं भव्य आणि सपाटून गोलाई असलेली, दागिने मोजके.

बदामीला जा, तिथला वालुकाश्म लालसर आणि मऊ. तिसऱ्या लेण्यात मंगलेशाचा शके ५०० चा, म्हणजे ५७८ चा लेख आहे, त्यामुळे काळाबद्दल शंका नाही. शेषावर बसलेला विष्णू, वराह, त्रिविक्रम, आणि खांबांच्या वरच्या टेकूंवर जोडपी. मुकुटाचा मणी न् मणी, कमरपट्ट्याची वीण न् वीण दिसते. पहिल्या लेण्याबाहेरचा अठरा हातांचा नटराज बघा. हात इतके, तरी गोंधळ नाही. आणि तामिळनाडूत, पल्लव राजांच्या मुलखात, दगड उलट टोकाचा कठीण. तिथे पल्लव राजा महेंद्रवर्म्याने सातव्या शतकाच्या सुरुवातीला मंडगपट्टूच्या लेखात लिहून ठेवलं, की वीट, लाकूड, धातू आणि चुना न वापरता ब्रह्मा, ईश्वर आणि विष्णूसाठी हे देवालय केलं. त्या कठीण दगडात शिल्प भिंतीपासून फार पुढे येत नाही. मामल्लपुरमची महिषासुरमर्दिनी सिंहावर बसून पुढे झेपावते ती सारी बाह्यरेषेच्या जोरावर. आपल्याकडे जे काम खोलीने होतं ते तिथे रेषेने होतं. दोन्ही थोर. पण एकाच्या मापाने दुसरं मोजलं तर दोन्हींवर अन्याय होतो.

रावण झाला की बाकीच्या दोन "त्याच त्या" गोष्टी पटकन उलगडतील. लग्न घ्या. घारापुरीच्या कल्याणसुंदर पटात पार्वती शिवाच्या उजवीकडे उभी आहे. आपल्या लग्नांतही विधी पुरे होईतो वधू उजवीकडे असते, मग ती वामांगी होते. म्हणजे शिल्पकाराने लग्न लागण्याआधीचा क्षण पकडला आहे. तिची मान किंचित खाली आहे, वडील तिला पुढे आणत आहेत, खाली ब्रह्मदेव भटजी होऊन बसले आहेत. पटाचे पाय तुटले आहेत, तरी तो संकोच तुटलेला नाही. वेरूळच्या २१ व्या लेण्यात हेच लग्न आहे, पण तिथे पार्वतीची तपश्चर्याही शेजारी आहे. घारापुरीला एक क्षण पुरला, इथे त्या क्षणामागची वर्षंही हवी होती.

सारीपाटाचं तर फारच गोड आहे. वर नवरा-बायको डाव मांडून बसले आहेत, खाली नंदी आणि त्याला छळणारे गण. आपल्या घरात पत्ते चालू असताना पोरं कुत्र्याशी मस्ती करतात, तसंच. देवाचं घर दाखवायचं तर त्यात घरपण हवं, हे त्या कारागिरांना कळत होतं. गंभीर पटाशेजारी हा पट येतो, तेव्हा लेण्यातली हवा बदलते. ज्या देवाने रावण चिरडायचा, त्यानेच फासे टाकायचे आहेत, ही गोष्ट भक्ताला दोन पावलांच्या अंतरावर दिसायला हवी. पुनरावर्तनाचं खरं कारण मला इथे दिसतं. लेण्यात येणारा माणूस नवी गोष्ट ऐकायला येत नव्हता. तो ओळखीच्या देवाला भेटायला येत होता, आणि कथा पाठ असल्यामुळेच त्याला शिल्पकाराने घेतलेला बारीक फरक जाणवत असणार. आपण कीर्तनाला जातो तेव्हा आख्यान नवीन नसतं. बुवा ते कुठे थांबवतात याकडे आपलं लक्ष असतं.

दशावतार लेण्यातला नरसिंह यासाठीच बघा. नरसिंह म्हटलं की मांडीवर आडवा घेतलेला हिरण्यकशिपू आणि फाडलेलं पोट हे आपल्या डोळ्यांपुढे येतं. इथे हिरण्यकशिपू उभा आहे. त्याच्या हातात अजून ढाल-तलवार आहे. नरसिंहाने नुकता त्याच्या खांद्यावर हात टाकला आहे. अजून काहीच झालेलं नाही, आणि सगळं ठरलेलं आहे. मारण्यापेक्षा मारण्याआधीचा तो स्पर्श जास्त भयंकर वाटतो. मला विचाराल तर भारतातल्या सगळ्या नरसिंहांत हा पहिला.

घारापुरीच्या त्या प्रसिद्ध तीन मुखांबद्दल एक दुरुस्ती करते, कारण तुमच्या प्रश्नात तुम्ही "त्रिमूर्ती" लिहिलं आहे. ते ब्रह्मा-विष्णू-महेश नाहीत. ती एकट्या शिवाची मुखं आहेत, मूर्ती सदाशिवाची. मधला शांत, डोळे मिटलेला महादेव. आपल्या डाव्या हाताचं मिशांचं, उग्र मुख अघोर-भैरवाचं, केसांत कवटी, हाताशी नाग. उजव्या हाताचं कोमल मुख वामदेवाचं, म्हणजे उमेचं, हाती कमळ. विष्णुधर्मोत्तर पुराणात महादेवाला पाच मुखं सांगितली आहेत. इथे चौथं पाठीमागे कातळात आणि पाचवं वर, दोन्ही न दिसणारी. सुमारे १८ फुटांची ही मूर्ती छातीपर्यंतच आहे. बाकीचा देह डोंगरात आहे असं समजायचं. आता तिच्या डावीकडे उजवीकडे बघा. आपल्या डावीकडे अर्धनारीश्वर, उजवीकडे गंगाधर. उग्र आणि कोमल मुखं एकाच मस्तकात पाहिली की मग पुरुष आणि स्त्री एकाच देहात दिसतात, आणि दुसऱ्या बाजूला गंगेला जटेत घेणाऱ्या शिवाशेजारी किंचित दूर झुकलेली पार्वती. हे तीन पट एकत्र वाचायचे आहेत. सुटे सुटे वाचले तर हाती येतात फक्त नावं.

अजून एक गोष्ट डोक्यात ठेवा, नाहीतर गैरसमज होतो. आज आपण बघतो तो उघडा काळा दगड त्या काळच्या भक्ताने तसा पाहिलाच नाही. कैलासावर पांढरा गिलावा होता, त्यावर रंग होते. काही ठिकाणी तो अजून चिकटलेला आहे, आणि मंडपाच्या ओसरीच्या छतावर चित्रं शिल्लक आहेत. या देवळाला "रंगमहाल" हे नाव उगाच पडलेलं नाही. त्यामुळे एखादा चेहरा ओबडधोबड वाटला तर शिल्पकार कच्चा होता असं लगेच म्हणू नका. वरून येणाऱ्या गिलाव्यासाठी त्याने जागा ठेवली असेल. मी स्वतः हे शिकायला बरीच वर्षं घेतली.

आता भाच्याचं. वेरूळ मंगळवारी बंद असतं, तो वार टाळा. सकाळी कैलासाला न जाता आधी २९, मग २१ करा, आणि कैलासात दुपारी या, कारण देऊळ पश्चिमाभिमुख आहे आणि उतरतं ऊन आत येतं. सोबत एक साधी बॅटरी ठेवा. ती शिल्पावर समोरून मारू नका, एका बाजूला उभं राहून तिरपी धरा. उठाव लगेच जिवंत होतो. हात लावू देऊ नका. लाखो हात फिरून काही मूर्तींची गुडघ्यांपाशी झिलई झाली आहे, आणि झिलई म्हणजे तेवढा दगड गेलेला असतो. २१ व्या लेण्याबाहेरची मकरावर उभी गंगा त्याला दाखवा, आणि कैलासाच्या दक्षिणेच्या ओवरीतल्या सप्तमातृका. त्या जवळजवळ पूर्ण गोलाईत कोरल्या आहेत, आपण त्यांच्यासमोर नाही, त्यांच्यात जाऊन उभे राहिल्यासारखे वाटतो.

रावणापाशी मात्र त्याला काहीच सांगू नका. कागद-पेन्सिल द्या आणि एकच काम सांगा: या सगळ्यांत कोण कोण घाबरलंय ते शोध आणि त्यांची यादी कर. पार्वती, दासी आणि गण ही त्याची पहिली यादी असेल. मग विचारा, रावण घाबरलाय का? माझ्याबरोबर आलेली मुलं या प्रश्नावर नेहमी भांडतात. अर्धी म्हणतात अजून नाही, अर्धी म्हणतात आत्ताच, हा बघ, अंगठा खाली आलाय. तुमचा भाचा काय म्हणतो ते मला जरूर कळवा.